पडणाऱ्या अनेक वस्तू आणि एक रडार : कोणता ठिपका कोणाचा?

शस्त्राच्या चाचणीत आकाशातून एकच वस्तू खाली येते, असे क्वचितच घडते. क्षेपणास्त्राचा इंधन संपलेला टप्पा, दोन टप्प्यांना जोडणारे कडे, नाकावरचे आवरण आणि स्फोटकांऐवजी मोजमापाची उपकरणे भरलेला अग्रभाग हे सगळे एकाच उड्डाणातून सुटे होतात आणि आपापल्या वाटेने जमिनीकडे येतात. विमानातून टाकलेले एखादे खोके हवेत उघडते आणि त्यातून डझनावारी छोटे बॉम्ब विखुरतात. हवेतच अडवून फोडलेल्या लक्ष्याचे तर किती तुकडे होतील, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. चाचणी घेणाऱ्यांना मात्र यांतील प्रत्येकाचा हिशेब हवा असतो. ती वस्तू कधी सुटी झाली, किती वेगाने निघाली, हवेने तिला किती रोखले आणि ती कोठे पडली, हे सगळे त्यांना कळावे लागते. हा हिशेब बहुतांशी रडार ठेवते. धातूची वस्तू रडारला एरवी बऱ्यापैकी सहज दिसते, त्यामुळे या कामातली मोठी अडचण दिसण्याची नसून ओळख टिकवण्याची असते. आत्ता आलेला प्रतिध्वनी मघाच्या कोणत्या वस्तूचा, हे सेकंदाला शेकडो वेळा आणि न चुकता ठरवावे लागते.

रडारची मूळ रीत साधी आहे. ते रेडिओ लहरींचा एक अल्पकालीन स्पंद सोडते आणि वस्तूवर आपटून परत येणारा प्रतिध्वनी टिपते. या लहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. त्यामुळे जाण्यायेण्यास लागलेल्या प्रत्येक मायक्रोसेकंदामागे, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागामागे, १५० मीटर अंतर धरता येते. अँटेना कोणत्या दिशेला आणि किती उंच रोखलेली होती, यावरून दोन कोन मिळतात. वस्तू रडारकडे येत असेल तर प्रतिध्वनीची कंप्रता किंचित वाढते आणि दूर जात असेल तर घटते. या डॉप्लर परिणामावरून वेग काढता येतो. अंतर, दोन कोन आणि वेग एवढ्या चार आकड्यांवर पुढचे सगळे गणित उभे राहते.

हे चार आकडे सारख्याच योग्यतेचे नसतात आणि अनेक वस्तूंच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो. स्पंद एक मायक्रोसेकंदाचा असेल, तर एकाच दिशेला १५० मीटरपेक्षा कमी अंतराने एकामागे एक असलेल्या दोन वस्तूंचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात आणि रडारला एकच वस्तू दिसते. स्पंद आखूड केला तर त्यातली ऊर्जा कमी होते आणि दूरची वस्तू हरवते. प्रतिध्वनीची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की परत येणारी शक्ती सोळाव्या हिश्श्यावर येते, हे लक्षात घेतले म्हणजे ही तडजोड किती महाग पडते ते कळते. यावर काढलेला तोडगा असा की स्पंद लांबच ठेवायचा, पण त्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत कंप्रता ठरावीक रीतीने बदलत न्यायची. परत आलेला प्रतिध्वनी गणिताने दाबून आखूड करता येतो, कारण त्याचा कोणता भाग आधी निघाला आणि कोणता नंतर, हे कंप्रतेवरून ओळखू येते. अशा वेळी दोन वस्तू वेगळ्या दिसण्याची मर्यादा कंप्रतेच्या पट्ट्याच्या रुंदीवर ठरते. १ मेगाहर्ट्झ रुंदीला ती १५० मीटर असते आणि १५० मेगाहर्ट्झ रुंदीला १ मीटर.

कोनांची बाजू मात्र लंगडी आहे. अँटेनाची शलाका, म्हणजे तिच्यातून निघणारा लहरींचा झोत, एक अंश रुंद असेल, तर ५० किलोमीटर अंतरावर ती सुमारे ८७० मीटर पसरते. त्या रुंदीत शेजारी शेजारी पडणाऱ्या दहा वस्तू असल्या, तरी केवळ दिशेच्या आधारे त्या वेगळ्या काढता येत नाहीत. अँटेना मोठी केली किंवा तरंगलांबी कमी केली की शलाका अरुंद होते, पण अरुंद शलाकेला आकाशात वस्तू शोधण्यासही तितकाच जास्त वेळ लागतो.

अशा वेळी डॉप्लरचा मोठा आधार होतो. ३ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारला, वेगात सेकंदाला १ मीटरचा फरक असला तर कंप्रतेत सुमारे ६७ हर्ट्झचा फरक दिसतो. त्याने एखाद्या वस्तूकडे सेकंदाचा दहावा भाग सलग पाहिले, तर सेकंदाला ०.१५ मीटर इतका बारीक फरकही वेगळा काढता येतो. म्हणजे अंतरात आणि कोनात पूर्णपणे मिसळून गेलेल्या दोन वस्तू केवळ वेगावरून सुट्या होतात. चाचणीक्षेत्रांवर सतत लहरी सोडणारी डॉप्लर रडारे याच कारणासाठी वापरली जातात. त्यांच्या नोंदीचा आलेख काढतात तेव्हा आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर वेग असतो. सुरुवातीला एकच जाड रेघ असते, फुटण्याच्या क्षणी तिच्यातून अनेक बारीक रेघा पंख्यासारख्या उघडतात आणि प्रत्येक तुकडा आपल्या रेघेवरून पुढे सरकत राहतो. या विषयातले सर्वांत बोलके चित्र कोणते, असे विचारले तर मी याच आलेखाकडे बोट दाखवीन. त्यालाही एक मर्यादा आहेच. डॉप्लर फक्त रडारच्या दिशेतला वेग सांगतो. दूरवर जमिनीलगत बसवलेल्या रडारसमोर एखादी वस्तू सरळ उभी खाली येत असेल, तर तिचा जवळजवळ सगळा वेग दृष्टिरेषेला आडवा असतो आणि रेघ शून्याजवळ रेंगाळते. म्हणून निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या कोनांतून पाहणारी अनेक रडारे ठेवावी लागतात.

सुरुवातीच्या काळात एका रडारने एकाच वस्तूच्या मागे जावे, हीच पद्धत होती. दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांसाठी बनवलेले, आपोआप लक्ष्यामागे वळणारे एससीआर-५८४ हे रडार युद्धानंतर अमेरिकेतील व्हाइट सँड्स या चाचणीक्षेत्रावर जर्मन बनावटीच्या व्ही-२ रॉकेटांच्या मागावर लावले गेले. पुढे १९५० च्या दशकात आरसीए कंपनीने एएन/एफपीएस-१६ हे खास चाचणीक्षेत्रांसाठी घडवलेले रडार तयार केले. त्यात वापरलेल्या एकस्पंद पद्धतीची कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत रॉबर्ट पेज यांनी १९४३ मध्ये मांडली होती. या पद्धतीत प्रतिध्वनी एकाच वेळी किंचित वेगवेगळ्या दिशांना रोखलेल्या, लहरी टिपणाऱ्या ग्राहकांवर घेतात आणि त्यांच्या बेरजेची व फरकाची तुलना करतात. त्यामुळे एकाच स्पंदावरून वस्तू शलाकेच्या मध्यापासून किती आणि कोणीकडे सरकली, ते कळते आणि शलाकेच्या रुंदीपेक्षा कितीतरी सूक्ष्म कोन मोजता येतो.

या सूक्ष्मतेची अट अशी की शलाकेत एकच वस्तू असली पाहिजे. तेथे सारख्याच अंतरावर दोन वस्तू आल्या तर त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि रडार तिसऱ्याच ठिकाणी बोट दाखवते. हे तिसरे ठिकाण दोन वस्तूंच्या मध्येच असेल अशी खात्रीही नसते. लहरींची कला (फेज) उलट असेल, म्हणजे एकीचा चढ दुसरीच्या उतारावर येत असेल, तर ते दोघींच्या बाहेर जाऊन पडते. टप्पा आणि अग्रभाग नुकते सुटे होत असताना नेमकी अशीच स्थिती असते. तेव्हा रडार कधी एकीच्या तर कधी दुसरीच्या मागे लागते, आणि शेवटी जी वस्तू मोठा प्रतिध्वनी देते तिच्याबरोबर निघून जाते. ती बहुधा मोठा, रिकामा, निरुपयोगी टप्पा असते.

अँटेना यंत्राने वळवायची तर एका क्षणी एकाच दिशेला वळवता येते. फेज्ड ॲरे रडारने ही अट मोडली. त्यात शेकडो किंवा हजारो लहान घटक असतात. प्रत्येक घटकाच्या लहरीची कला संगणक बदलतो आणि अँटेना जागची न हलता शलाका दुसरीकडे वळते. वळण्यास मायक्रोसेकंदांचा अवधी पुरतो. व्हाइट सँड्सवरील एएन/एमपीएस-३९ हे रडार असे आहे. त्याचे रूढ नावच मल्टिपल ऑब्जेक्ट ट्रॅकिंग रडार, म्हणजे अनेक वस्तूंचा माग ठेवणारे रडार, असे आहे. श्रीहरिकोटा येथील इस्रोचे एल पट्ट्यातील (सुमारे १ ते २ गिगाहर्ट्झ कंप्रतेचे) रडारही याच जातीचे असून ते एका वेळी दहा वस्तूंचा माग ठेवू शकते.

एका वेळी असे आपण म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात ती वेळेची वाटणी असते. १५० किलोमीटरवरून प्रतिध्वनी परतण्यास एक मिलिसेकंद लागतो, त्यामुळे साध्या रीतीने सेकंदाला साधारण हजार स्पंद सोडता येतात. पन्नास वस्तू असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला वीस स्पंद येतात. शिवाय नवी वस्तू कोठे निर्माण झाली का, हे शोधण्यासाठी त्यातलेच काही स्पंद बाजूला काढावे लागतात. हे सगळे समान वाटणे शहाणपणाचे नसते. संथपणे, एकटी उतरणारी वस्तू सेकंदातून दोनदा पाहिली तरी चालते, तर एकमेकींजवळून जाणाऱ्या दोन वस्तूंवर अधिक स्पंद खर्च करावे लागतात. कोणाकडे किती वेळा पाहायचे, हा निर्णय संगणक सतत बदलत असतो. चाचणीपूर्वीचा बराचसा वाद याच वाटणीवर होतो, कारण प्रत्येक गटाला आपली वस्तू सर्वांत महत्त्वाची वाटते.

आता ओळखीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. रडारच्या दृष्टीने एका फेरीत आलेले प्रतिध्वनी म्हणजे नुसते ठिपके असतात आणि ठिपक्यांवर नावे लिहिलेली नसतात. त्यांना जोडून प्रत्येक वस्तूचा सलग माग तयार करायचा असतो. त्यासाठी प्रथम भाकीत केले जाते. वस्तू मघा अमुक ठिकाणी अमुक वेगाने होती, गुरुत्वाकर्षण माहीत आहे, हवेचा अडथळा अंदाजे माहीत आहे, तर ती आता कोठे असावी? रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडलेली गाळणी (कालमन फिल्टर ही गणिती पद्धत) या कामी आजही सर्वत्र वापरली जाते. तिचा गुण असा की भाकिताबरोबरच त्या भाकिताची संभाव्य चूक किती, हेही ती सांगते. मग भाकिताभोवती त्या चुकीएवढी एक चौकट आखतात आणि तिच्यात जो ठिपका पडेल तो त्या वस्तूचा मानतात. भाकीत आणि प्रत्यक्ष मोजमाप यांचा मेळ घालून नवी स्थिती ठरवली जाते आणि पुढची फेरी सुरू होते.

सेकंदाला ३०० मीटर वेगाने येणारी वस्तू सेकंदातून वीस वेळा पाहिली, तर दोन पाहण्यांच्या मध्ये ती १५ मीटर सरकते आणि चौकट लहान राहते. सेकंदातून एकदाच पाहिली तर ती ३०० मीटर सरकलेली असते, तोवर हवेने तिला अनपेक्षितपणे रोखलेलेही असू शकते आणि चौकट फुगते. शेजारच्या दोन वस्तूंच्या फुगलेल्या चौकटी एकमेकींवर चढल्या की घोळ सुरू होतो. एका चौकटीत दोन ठिपके येतात, किंवा दोन चौकटींना मिळून एकच ठिपका मिळतो. सर्वांत जवळचा ठिपका घ्यावा, हा सोपा नियम अशा जागी हमखास फसवतो, कारण पहिल्या वस्तूने दुसरीचा ठिपका उचलला की दुसरीला तिसरीचा उचलावा लागतो. म्हणून सगळ्या वस्तू आणि सगळे ठिपके यांच्या जोड्या एकत्रितपणे अशा लावतात की एकूण विसंगती सर्वांत कमी राहील. याहून सावध पद्धत डोनाल्ड रीड यांनी १९७९ मध्ये मांडली. तिच्यात संशयाच्या प्रसंगी निर्णय घेतच नाहीत; सर्व शक्यता समांतर चालू ठेवतात आणि पुढच्या काही फेऱ्यांत ज्या शक्यता खोट्या पडतील त्या छाटतात. शक्यतांची संख्या फार वेगाने वाढत असल्याने छाटणी निर्दयपणे करावी लागते. एवढे करूनही दोन सारख्या वस्तू अगदी जवळून एकमेकींना ओलांडून गेल्या, तर त्यांच्या ओळखींची अदलाबदल होऊ शकते. ही चूक पडद्यावर दिसत नाही, कारण दोन्ही माग अखंड आणि नितळ असतात; फक्त नावे चुकलेली असतात.

या गुंत्यात हवा अनपेक्षितपणे मदतीला येते. वातावरणाबाहेर जड अग्रभाग आणि हलका फुगा एकाच वाटेने, एकाच वेगाने जातात. त्यांच्या गतीवरून त्यांतला फरक कळणे अशक्य असते. साधारण १०० किलोमीटरच्या खाली उतरू लागल्यावर मात्र हवा उफणणीसारखे जड आणि हलके वेगळे करते. कोणत्या वस्तूला हवा किती रोखेल, हे तिचे वस्तुमान, हवेला सामोरे येणारे तिचे क्षेत्रफळ आणि तिचा आकार यांतून मिळणाऱ्या एका गुणकावर ठरते, ज्याला बॅलिस्टिक गुणक म्हणतात. उदाहरणार्थ, ५ किलोमीटर उंचीवर दोन वस्तू सेकंदाला ३०० मीटर वेगाने येत आहेत, असे समजू. पहिली सडपातळ आणि जड असून तिचा गुणक दर चौरस मीटरला ५,००० किलोग्रॅम आहे. दुसरी पत्र्याचा तुकडा असून तिचा गुणक ५० आहे. पहिलीचा वेग हवेमुळे दर सेकंदाला सुमारे ७ मीटर या दराने घटेल, दुसरीचा जवळजवळ ६७० मीटर या दराने. दुसरी वस्तू क्षणार्धात मागे पडते आणि जमिनीपाशी येईपर्यंत ती सेकंदाला २८ मीटरच्या आसपास स्थिर वेगाने तरंगत उतरते. हे गणित उलटही करता येते. रडारने मोजलेल्या वेगाच्या घटीवरून गुणक काढतात आणि गुणकावरून ही वस्तू कोणती असावी ते ठरवतात. म्हणजे दोन मागांची अदलाबदल झालीच, तर वजनदार अग्रभाग अचानक पत्र्यासारखा वागू लागतो आणि चूक उघडी पडते. माझ्या मते अनेक वस्तूंच्या मागोव्यातला हा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे, कारण तो प्रतिध्वनीच्या लहानमोठेपणावर अवलंबून नसतो.

प्रतिध्वनीचा लहानमोठेपणा किती फसवा असतो, ते सपाट पत्र्यावरून कळते. दहा सेंटिमीटर बाजूचा चौरस पत्रा ३ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारसमोर अगदी सरळ आला, तर तो सुमारे १.४ चौरस मीटर एवढ्या परावर्तन क्षेत्रासारखा चमकतो, म्हणजे सव्वा मीटरहून अधिक व्यासाच्या धातूच्या गोळ्याइतका. तोच पत्रा आठनऊ अंशांनी कलला की रडारच्या दिशेने जवळजवळ काहीच परत येत नाही. पडता पडता गटांगळ्या खाणारा असा तुकडा सेकंदातून अनेकदा राक्षस होतो आणि अनेकदा नाहीसा होतो. पीटर स्वर्लिंग यांनी १९५४ मध्ये अशा चढउतारांचे संख्याशास्त्रीय वर्णन केले आणि ते आजही रडारच्या रचनेत वापरले जाते. मोजणीचे प्रमाण ठरवण्यासाठी मात्र धातूचा गोळा वापरतात, कारण तो कोणत्याही बाजूने पाहिला तरी सारखाच दिसतो. गटांगळ्यांच्या या लयीचा उपयोगही होतो. स्थिर उतरणारा अग्रभाग आणि कोलांट्या घेणारा तुकडा त्यांच्या चमकण्याच्या तालावरून ओळखता येतात.

मार्शल बेटांतील क्वाजालीन येथे हा अभ्यास अनेक दशके चालला आहे. तेथील रोई-नामूर बेटावर निरनिराळ्या तरंगलांबीची रडारे जवळजवळ बसवली आहेत. अल्टेअर या रडारची ४६ मीटर व्यासाची तबकडी मीटरच्या आसपासच्या लांब लहरींवर काम करते आणि दूरवरून येणारा सगळा समूह एकत्र पाहते, तर मिलिमीटर लहरींचे रडार एकेका वस्तूचे बारकावे काढते. १९७० मध्ये सुरू झालेल्या अल्कोर रडारने सुमारे ५०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा वापरून अर्ध्या मीटरच्या आसपास तपशील दाखवला आणि एकाच वस्तूची टोके वेगवेगळी दिसू लागली. लांब लहरींच्या रडारने माग धरायचा आणि आखूड लहरींच्या रडारला कोठे पाहायचे ते सांगायचे, अशी तेथील कामाची विभागणी आहे. दुसऱ्याच्या चाचण्या पाहण्यासाठीही हेच शास्त्र वापरले गेले. अलास्कातील शेम्या बेटावरचे कोब्रा डेन हे फेज्ड ॲरे रडार १९७७ पासून रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचात्का द्वीपकल्पाकडे येणाऱ्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवर नजर ठेवत असे.

चाचणीच्या दिवशी मागोव्याचा पहिला उपयोग सुरक्षेसाठी होतो. प्रत्येक क्षणी संगणक विचारतो की आत्ता या क्षणी इंजिन बंद पडले तर हे सगळे कोठे पडेल. हा बिंदू आखून दिलेल्या रेषेकडे सरकू लागला, तर सुरक्षा अधिकारी उड्डाण नष्ट करण्याची आज्ञा देतो आणि मग एका वस्तूऐवजी अनेक तुकड्यांचे भाकीत करावे लागते. या दक्षतेमागे इतिहास आहे. २९ मे १९४७ रोजी व्हाइट सँड्सहून सोडलेले एक सुधारित व्ही-२ रॉकेट उत्तरेऐवजी दक्षिणेला गेले आणि सीमा ओलांडून मेक्सिकोतील हुआरेझ शहराजवळ कोसळले. ११ जुलै १९७० रोजी युटामधील ग्रीन रिव्हर येथून व्हाइट सँड्सच्या दिशेने सोडलेले अथेना क्षेपणास्त्र भरकटून मेक्सिकोतील मापिमी वाळवंटात पडले आणि त्यात थोडे किरणोत्सारी कोबाल्ट असल्याने ते शोधून साफ करावे लागले.

वस्तू जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर रडारची अचूकता घसरते. शलाका जमिनीला किंवा पाण्याला घासू लागली की वस्तूकडून थेट येणाऱ्या प्रतिध्वनीत पृष्ठभागावरून उसळून आलेला प्रतिध्वनी मिसळतो आणि उंचीचा कोन वरखाली डुलू लागतो. हवेच्या खालच्या थरांत लहरी किंचित वाकतात, तीही दुरुस्ती करावी लागते. म्हणून शेवटच्या टप्प्यात मोजमाप सोडून देऊन, शेवटच्या खात्रीच्या स्थितीपासून वाऱ्याच्या नोंदी घेऊन गणितानेच पुढची वाट काढतात. जड वस्तूच्या बाबतीत हे उत्तर बरेच नेमके येते. हलक्या तुकड्याला मात्र शेवटच्या किलोमीटरमध्येही वारा शेकडो मीटर वाहून नेऊ शकतो, त्यामुळे त्याच्यासाठी बिंदूऐवजी शोधाचा पट्टा दिला जातो.

चाचणी चालू असताना जे माग तयार होतात ते घाईचे असतात, कारण पुढचे मोजमाप येण्याआधी निर्णय घ्यावाच लागतो. म्हणून कच्चे प्रतिध्वनी जसेच्या तसे साठवून ठेवतात आणि नंतर तीच नोंद काळाच्या उलट दिशेनेही चालवतात. उलट चालवताना परिस्थिती पालटते. जमिनीजवळ वस्तू एकमेकींपासून दूर, हवेने पुरत्या वेगळ्या केलेल्या आणि ओळखीच्या दृष्टीने निःसंशय असतात. तेथून मागे मागे जात फुटण्याच्या क्षणाकडे यायचे, म्हणजे जेथे सरळ वाचताना सर्वाधिक गोंधळ होता तेथे आपण आता प्रत्येकीचा गुणक हाती घेऊन पोहोचतो. दोन्ही दिशांच्या उत्तरांचा मेळ घातला की एकट्या पुढच्या दिशेपेक्षा चूक कमी येते, आणि सगळे माग जेथे एका बिंदूत मिळतात तेथून फुटण्याची वेळ व जागा मिळते. जो माग त्या बिंदूला येऊन मिळत नाही, तो एकतर दोन वस्तूंचे तुकडे चुकीने जोडून बनलेला असतो किंवा वाटेत दुसऱ्यांदा फुटलेल्या वस्तूचा असतो. म्हणून अंतिम अहवालातील वस्तूंची संख्या चाचणीच्या वेळी पडद्यावर दिसलेल्या संख्येशी जुळेलच असे नाही.